जुन्या रेडिओचं सर्किट कुठे शोधायचं आणि घरातल्या सर्व्हिस शीट्सचं काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं सांगलीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, ते आता नाहीत. त्यांचा मर्फीचा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा रेडिओ पुन्हा चालू करायचा आहे, पण मागचं लेबल वाळवीनं खाल्लंय. इंटरनेटवर मर्फीचं सर्किट शोधायला गेलं की जाहिरातीतला तो बाळच पुन्हा पुन्हा समोर येतो. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत सर्व्हिस शीट्स (कंपनीनं दुरुस्तीसाठी छापलेली सर्किटाची पानं), कंपन्यांची पुस्तकं आणि वहीत उतरवलेली सर्किटं आहेत. ती ठेवावीत, स्कॅन करावीत की रद्दीत द्यावीत? आणि स्कॅन करून इंटरनेटवर टाकली तर कॉपीराइटचं काय?

ट्रंक रद्दीत देऊ नका, एवढं आधी सांगतो. रेडिओचं सर्किट आज ना उद्या मिळेल, नाहीच मिळालं तर बसून काढता येईल. ट्रंकेतल्या कागदांचं तसं नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या सेटची सर्किटं इंटरनेटवर ढिगानं आहेत, कारण तिथे ती जाडजूड खंडांत छापून विकली गेली, ग्रंथालयांत टिकली आणि पुढे हौशी मंडळींनी स्कॅन केली. आपल्याकडे ठाण्यात, कोलकात्यात, बंगळुरूत, हैदराबादेत बनलेल्या सेटची शीट सहसा कंपनीकडून डीलरकडे आणि डीलरकडून मेकॅनिककडे जायची. पुस्तकाच्या दुकानात ती मिळतच नसे. त्यामुळे ती कुठे उरली असेल तर तुमच्या वडिलांसारख्यांच्या घरीच. जे गूगलला सापडत नाही ते तुमच्या माळ्यावर असण्याची शक्यता खरोखर मोठी आहे.

आता रेडिओ. शोधायला बसण्याआधी सेट उघडा. वीज लावायची नाही, प्लगसुद्धा जवळ नको. कॅबिनेटवरचं नाव हा सगळ्यात कमी उपयोगाचा धागा आहे. एकाच नावाखाली वर्षावर्षाला आतलं सर्किट बदलायचं, आणि एकच सर्किट दोन-तीन वेगवेगळ्या कॅबिनेटांत घालून विकलं जायचं. उपयोगाचं असतं ते चेसिसवर, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर ठोकलेला किंवा रबरी शिक्क्यानं मारलेला नंबर, आयएफटीच्या (इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी, म्हणजे आयएफच्या ट्रान्सफॉर्मरच्या) कॅनवरचा आणि ट्रान्सफॉर्मरवरचा पार्ट नंबर, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे व्हॉल्व्हचे नंबर. व्हॉल्व्हवरची छपाई कधीही फडक्यानं पुसू नका, ती धुळीबरोबर निघून जाते. पुसट झाली असेल तर काचेवर तोंडाची वाफ सोडा आणि तिरप्या उजेडात बघा. अक्षरं क्षणभर उमटतात. तेवढ्यात मोबाइलनं फोटो घ्या. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या सॉकेटात होता तेही लिहून ठेवा, मगच काढा.

समजा तुम्हाला ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीएल ८२ आणि ईझेड ८० असे चार मिळाले. या नंबरांतच निम्मं सर्किट आहे. पहिलं अक्षर हीटरचं, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेचं: ई म्हणजे ६.३ व्होल्ट. पुढची अक्षरं आत काय आहे ते सांगतात: सी ट्रायोड, एच हेप्टोड, बी डबल डायोड, एफ पेंटोड, एल आउटपुट पेंटोड, झेड दोन्ही बाजूंचा रेक्टिफायर. म्हणजे ईसीएच ८१ फ्रिक्वेन्सी बदलतो, ईबीएफ ८९ आयएफ आणि डिटेक्टर सांभाळतो, ईसीएल ८२ च्या एका अर्ध्यात ऑडिओ आणि दुसऱ्या अर्ध्यात स्पीकरचं आउटपुट, ईझेड ८० पॉवर सप्लाय. याच पद्धतीचे सेट युरोपभर बनत होते.

पण हीच चौकडी यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५ अशी निघाली तर हात आवरा. यू म्हणजे १०० मिलिअँपिअरचे हीटर, सगळे एकापाठोपाठ सीरीजमध्ये जोडलेले. हे एसी-डीसी सेट, दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारे. त्यांत मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो आणि प्लग उलटा बसला की अख्ख्या चेसिसवर फेज येतो. नॉब निघालेला असेल तर त्या उघड्या दांड्याला बोट लागणं म्हणजे मेन्सला बोट लागणं. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (मेन्सशी थेट जोड तोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) बाकावर घ्यायचाच नाही. फिलिप्सच्या त्या काळच्या मॉडेल नंबरच्या शेवटच्या अक्षरात हीच गोष्ट लिहिलेली असे: ए असेल तर फक्त एसी, यू असेल तर एसी-डीसी, बी असेल तर बॅटरी.

व्हॉल्व्हची यादी आणि चेसिस नंबर हातात आला की पहिली जागा रेडिओम्युझियम डॉट ऑर्ग. स्वित्झर्लंडहून चालणारा हा जगभरातल्या संग्राहकांचा संयुक्त कोश आहे. प्रत्येक मॉडेलच्या पानावर व्हॉल्व्हची यादी, बँड, व्होल्टेज, फोटो असतात, आणि भारतात बनलेले मर्फी, बुश, फिलिप्स, नॅशनल एको यांची पानंही तिथे आहेत. सर्किट उतरवून घ्यायला सदस्यत्व लागतं, पण मॉडेल ओळखण्याचं काम त्याशिवायही होतं. आपला फोटो आणि तिथला फोटो जुळवताना कॅबिनेटपेक्षा डायल आणि चेसिसची मांडणी बघा. गँग कंडेन्सर (स्टेशन लावताना फिरतो तो) कुठे, आयएफटीचे कॅन किती आणि कुठे, स्पीकर कोणत्या बाजूला. लाकूड, कापड, नॉब बदलता येतात. चेसिसला पाडलेली भोकं बदलत नाहीत.

तिथून वर्ल्ड रेडिओ हिस्टरी ही साइट. जुनी नियतकालिकं आणि सर्व्हिसची पुस्तकं तिथे प्रचंड प्रमाणात आहेत, तीही मोफत. मर्फी आणि बुश मुळात ब्रिटिश. त्यांच्या ब्रिटिश सेटच्या शीट्स 'वायरलेस अँड इलेक्ट्रिकल ट्रेडर' या धंद्यातल्या साप्ताहिकानं वर्षानुवर्षं काढल्या. संग्राहक त्यांना नुसतं ट्रेडर शीट म्हणतात. भारतातल्या मॉडेलचं नाव वेगळं असेल, पण व्हॉल्व्हची यादी सारखी असलेला त्याच सुमाराचा ब्रिटिश सेट सापडला तर आउटपुट, डिटेक्टर आणि पॉवर सप्लायचा भाग बहुधा इतका जवळचा निघतो की दुरुस्ती त्यावर होते. कॉइल आणि बँडचा भाग मात्र तपासून घ्यायचा, कारण आपल्याकडे शॉर्टवेव्हला जास्त महत्त्व होतं. अमेरिकन सेट असेल तर जॉन रायडरचे खंड बघा: पहिला १९३१ चा, रेडिओचे एकूण २३. १९४६ नंतरच्या अमेरिकन सेटसाठी सॅम्स फोटोफॅक्ट. व्हॉल्व्हच्या डेटाशीटसाठी फ्रँकची व्हॉल्व्हची साइट पुरते. युरोपातल्या जवळजवळ प्रत्येक कंपनीची शीट तिथे आहे.

इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात शोधताना एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तिथला नेहमीचा शोध फक्त शीर्षक आणि वर्णनात बघतो. शोधाच्या चौकटीखाली मजकुरात शोधण्याचा वेगळा पर्याय आहे, तो निवडला की पुस्तकाच्या आतली पानं शोधली जातात. तुमच्या आयएफटीवरचा पार्ट नंबर एखाद्या हजार पानी सर्व्हिस खंडाच्या मध्यात असेल तर तो फक्त असाच सापडतो. नंबर टाकताना डॅशसह, डॅशशिवाय आणि मध्ये जागा सोडून अशा तिन्ही तऱ्हा करा. शून्याच्या जागी इंग्रजी ओ आणि एकाच्या जागी आय टाकूनही बघा, कारण जुन्या छपाईचं ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) तिथेच चुकतं. जर्मन सेट असेल तर 'शाल्टप्लान' आणि रशियन असेल तर 'स्खेमा' हे शब्द त्यांच्याच लिपीत टाका. इंग्रजीत न दिसणारी पानं वर येतात.

ट्रंकेत टीव्ही आणि टेपरेकॉर्डरचे कागद असणारच, म्हणून त्याबद्दलही सांगतो. रंगीत टीव्हीच्या काळात आपल्या कंपन्यांनी जपानी कंपन्यांशी तांत्रिक करार केले: बीपीएलनं सान्योशी, ओनिडानं जेव्हीसीशी, व्हिडिओकॉननं तोशिबाशी. अशा टीव्हीचं सर्किट भारतीय नावाखाली मिळालं नाही तर पीसीबीवरचा (छापील सर्किट बोर्डावरचा) चेसिस नंबर आणि मोठ्या आयसीचे नंबर घेऊन त्या जपानी कंपनीच्या मॅन्युअलांत शोधा. युरोपातले लोक चेसिस नंबरावरूनच वर्गवारी करतात. हंगेरीचं इलेक्ट्रोटान्या हे त्यातलं मोठं भांडार. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लस हा संगणक परवान्यानं बनवून डीबी स्पेक्ट्रम नावानं विकला होता. तो कोणाकडे असेल तर पुण्याचं मॅन्युअल शोधत बसायची गरज नाही, सिंक्लेअरचं सर्व्हिस मॅन्युअल सहज मिळतं.

आणि जिथे वंशावळही लागत नाही, तिथे आयसीच बघा. टीबीए ८१० हा ऑडिओ आयसी आपल्याकडच्या किती टेपरेकॉर्डरांत आणि टीव्हींत बसवला गेला त्याला गणती नाही. त्याच्या डेटाशीटमध्ये नमुना सर्किट दिलेलं असतं, आणि छोट्या कारखान्यांनी ते जवळजवळ जसंच्या तसं उचललेलं असतं. डेटाशीट समोर ठेवा आणि पिनांवरचे व्होल्टेज ताडून बघा, सर्किटाविना काम निघतं. हाय-फायसाठी हायफाय इंजिन, टेकट्रॉनिक्सच्या ऑसिलोस्कोपसाठी टेकविकी, हॅम रेडिओच्या जड सेटसाठी बामा, जुन्या संगणकांसाठी बिटसेव्हर्स, या साइटी बघा. यांच्याबद्दल लांबण लावत नाही. नावं पुरेशी आहेत. 'मॅन्युअल डाउनलोड करा' असं मोठं हिरवं बटण दाखवणाऱ्या साइटींपासून मात्र लांब राहा. पीडीएफऐवजी ईएक्सई फाइल उतरायला लागली तर तिथेच थांबा.

काहीच मिळालं नाही तर सर्किट काढायचं. पीसीबी असेल तर दोन्ही बाजूंचे सरळ वरून फोटो घ्या. ट्रॅकच्या बाजूचा फोटो आडवा उलटवा आणि जिम्प या फोटोच्या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या फोटोवर अर्धपारदर्शक करून बसवा. कोणता ट्रॅक कोणत्या कंपोनंटला जातो ते डोळ्यांनी दिसायला लागतं. शंका आली तिथे मल्टिमीटरची बीप. आधी ग्राउंड आणि सप्लाय, मग आयसीच्या पिना, मग बाकीचं. संगणकावर सर्किट रेखायला किकॅड मोफत आहे, पण पहिला मसुदा पेन्सिलीनं कागदावरच करा. व्हॉल्व्हच्या पॉइंट-टू-पॉइंट वायरिंगला फोटो पुरत नाहीत. तिथे एकेका सॉकेटच्या पिनेपासून निघून वायर कुठे पोचते ते लिहीत जायचं. तुमच्यासारख्या चार व्हॉल्व्हच्या सेटला हे एका निवांत रविवारचं काम आहे.

सर्किट मिळालं की ते वाचताना जुन्या खुणा समजून घ्या. जुन्या अमेरिकन सर्किटांत कंडेन्सरला एमएमएफ लिहिलेलं असतं, ते आजचे पिकोफॅरड. फिलिप्सच्या सर्किटांत कंडेन्सरपुढे १०के दिसलं तर ते दहा हजार पिकोफॅरड. काही अमेरिकन सर्किटांत रेझिस्टन्सपुढचा एम म्हणजे मेगओहम नसून हजार असतो. शंका आली तर त्याच सर्किटातला, तुम्हाला आधीच माहीत असलेला एखादा पार्ट बघा आणि त्यावरून पद्धत ठरवा. आयएफची फ्रिक्वेन्सी कुठे लिहिली आहे तेही शोधा: अमेरिकन सेट बहुधा ४५५ किलोहर्ट्‌झचे, फिलिप्स ४५२ चे, ब्रिटिश ४६५ ते ४७० चे. ती कळल्याशिवाय आयएफटीच्या स्क्रूला हात लावू नका.

आता ट्रंक. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा खरा भाग हा आहे.

सगळं एकदम स्कॅन करायला घेऊ नका, महिनाभरात कंटाळा येईल आणि काम अर्धवट राहील. आधी ढीग करा. परदेशी कंपन्यांची छापील पुस्तकं, व्हॉल्व्हचे डेटाबुक, 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'चे किंवा पूर्वी मुंबईतून निघालेल्या 'एलेक्टॉर'च्या भारतीय आवृत्तीचे अंक बाजूला ठेवा. त्यांच्या प्रती इतरांकडेही असतात, आणि इंटरनेटवर आधीच आहेत का ते सवडीनं बघता येईल. पहिल्या ढिगात भारतीय कंपन्यांच्या सुट्या सर्व्हिस शीट्स, डीलरना पाठवलेली परिपत्रकं, पार्टच्या किमतीच्या याद्या, प्रशिक्षण वर्गाच्या टंकलिखित नोट्स आणि वडिलांच्या वह्या. किमतीच्या यादीला कमी समजू नका. तिच्यात चेसिस नंबर, मॉडेल आणि पार्ट नंबर एकत्र येतात, आणि कोणतं मॉडेल कोणत्या चेसिसवर बनलं हे पुष्कळदा फक्त तिच्यातूनच कळतं.

वडिलांनी छापील शीटवर पेन्सिलीनं लिहिलेलं काही असेल तर ते खोडायचं नाही, स्कॅन करताना 'साफ' करायचं नाही. एखाद्या व्हॉल्व्हच्या पिनेशेजारी '८५ येतात' असं लिहिलं असेल, तर त्या ठिकाणी कंपनीनं छापलेला आकडा ९५ असला तरी आपल्याकडच्या व्होल्टेजला चालत्या सेटमध्ये मीटरनं दाखवलेला आकडा ८५ आहे. एखाद्या ट्रान्झिस्टरचा नंबर काटून दुसरा लिहिला असेल तर तो इथल्या बाजारात मिळणारा आणि चाललेला पर्याय आहे. कंपनीच्या कागदावर हे ज्ञान नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत काय मिळत होतं आणि कशानं काम भागत होतं याची नोंद या पेन्सिलीच्या अक्षरांशिवाय फारशी कुठे नाही.

स्कॅनिंगचं तंत्र. साधा मजकूर ३०० डीपीआयला चालतो, सर्किट असलेलं प्रत्येक पान ६०० ला करा. मोड ग्रेस्केल ठेवा. रंगीत रेघा, शिक्के किंवा हस्ताक्षर असेल तर रंगीत. काळा-पांढरा म्हणजे फक्त दोन रंगांचा मोड कधीही निवडू नका. फाइल लहान होते हे खरं, पण पिवळट कागदावरचा पुसट दशांशचिन्हाचा ठिपका त्यात उडतो आणि ४.७के चा ४७के होतो. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा, वाटायची प्रत पीडीएफमध्ये बनवा. झेरॉक्सच्या दुकानातल्या मोठ्या मशीनवर 'स्कॅन करून पीडीएफ द्या' म्हणून ढीग सोडून येऊ नका.

हे मी उगाच सांगत नाही. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानं एक प्रकार उघड केला. झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर मालिकेतल्या मशीनवर एका घराचा आराखडा स्कॅन केला होता. मूळ आराखड्यात तीन खोल्यांचं क्षेत्रफळ १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर असं होतं. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्यांवर १४.१३ आलं, तेही स्वच्छ, ठसठशीत अक्षरांत. कारण होतं जेबिग-टू नावाची दाबण्याची पद्धत. ती पानावरचे सारखे दिसणारे तुकडे शोधते, त्यातला एक साठवते आणि बाकीच्या ठिकाणी तोच चिकटवते. सहा आणि आठ तिला सारखे वाटले तर सहाच्या जागी आठ बसतो. धूसर आकडा दिसला तर माणूस सावध तरी होतो, इथे चुकीचा आकडा खऱ्यासारखा दिसतो. सर्किट म्हणजे शे-दोनशे बारीक आकड्यांचं पान. त्यात ६८० चा ८८० झाला तर डोळ्यांना काहीच कळत नाही. म्हणून मूळ फाइल न दाबता ठेवायची, आणि पीडीएफ बनवताना तपशील गमावणारी जेबिग-टू बंद आहे याची खात्री करायची.

शीटच्या पिना आधी काढा. त्या गंजलेल्या असतात आणि ओढल्या की कागद फाटतो. पातळ सुरीनं पाय उघडून हलकेच सोडवा. पानाच्या पाठीमागे काळा कागद ठेवून स्कॅन करा. पांढरं झाकण असलं की दुसऱ्या बाजूची छपाई आरपार दिसते, काळ्या पार्श्वभूमीवर ती दिसत नाही. घडी घातलेलं मोठं सर्किट स्कॅनरवर मावत नाही म्हणून घडीवर कापू नका. तुकड्यातुकड्यानं स्कॅन करा, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर चांगला चार बोटं चढू द्या, पान फिरवू नका, फक्त सरकवा. मग हगिन नावाच्या मोफत प्रोग्रॅमनं जोडा. जोडलेल्या सर्किटाबरोबर सुटे तुकडेही जपून ठेवा, कारण जोडावर एखादी रेघ सरकली तर मूळ बघता आलं पाहिजे. प्रत्येक पान स्कॅन झालं की स्क्रीनवर शंभर टक्के आकाराला आणून सगळ्यात बारीक आकडा वाचून बघा. तो वाचता आला नाही तर पुन्हा स्कॅन.

स्कॅनर नसेल तर मोबाइलनं फोटो काढा, पण पान सपाट ठेवून, वरून सरळ, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. कागद 'स्कॅन' करणारी मोबाइल अॅप आपणहून पान पांढरंशुभ्र करतात आणि पेन्सिल उडवतात, ती नकोत. साधा कॅमेराच बरा.

फाइलचं नाव म्हणजे नुसता 'स्कॅन००१७' नको. कंपनी, मॉडेल, चेसिस, कशाची शीट आणि वर्ष, एवढं नावातच. पानावर वर्ष छापलेलं नसेल तर अंदाजानं लिहू नका, वर्ष नाही असंच लिहा. एकदा चुकीचं वर्ष इंटरनेटवर गेलं की दहा ठिकाणी नक्कल होऊन तेच खरं मानलं जातं.

ठेवायचं कुठे? इंटरनेट अर्काइव्हवर खातं मोफत उघडता येतं, आणि स्कॅन केलेल्या पानांच्या झिप फाइलपासून वाचायची प्रत आणि ओसीआर ते स्वतः तयार करतात. वर्णन मन लावून लिहा, कारण शोधणारा त्याच शब्दांनी येणार आहे: कंपनीचं नाव, मॉडेल, चेसिस, व्हॉल्व्ह किंवा आयसीची पूर्ण यादी, आयएफ, कारखान्याचं गाव, शीट कोणत्या दुकानातून आली. इंग्रजीत लिहा आणि मराठीतही लिहा. बिहारमधला मेकॅनिक इंग्रजीत शोधेल, कोल्हापूरचा मुलगा मराठीत. भारतीय रेडिओंच्या शीट्स रेडिओम्युझियमलाही द्या, तिथे मॉडेलच्या पानाला त्या कायमच्या जोडल्या जातात.

पण एकाच ठिकाणी ठेवून निर्धास्त होऊ नका. याहू ग्रुप्सवर रेडिओ आणि ऑडिओच्या कितीतरी गटांनी फाइलच्या विभागात सर्किटं साठवली होती. याहूनं २०१९ मध्ये जुना मजकूर काढून टाकायला घेतला आणि डिसेंबर २०२० मध्ये सेवाच बंद केली. ज्यांनी आपल्या संगणकावर उतरवून ठेवलं होतं तेवढंच वाचलं. खुद्द इंटरनेट अर्काइव्हवर ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस साइट बंद होती. तेव्हा मूळ टिफ दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक घरी, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल जराही बदलली तर बदलणारा तपासणीचा आकडा) काढून साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवा आणि वर्षातून एकदा ताडून बघा. डिस्क खराब व्हायला लागली की तिथे आधी कळतं. सीडी-डीव्हीडीवर भिस्त नको, आपल्या दमट हवेत त्यांचा भरवसा नाही.

कागद वाचवणं किती घाईचं असतं त्याचं एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. अमेरिकेत मेरिलँडमध्ये मॅन्युअल्स प्लस नावाचा जुन्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या मॅन्युअलांचा व्यवसाय होता. २०१५ मध्ये तो बंद झाला आणि जागा रिकामी करायची म्हणून हजारो मॅन्युअल कचऱ्यात जाणार होती. इंटरनेट अर्काइव्हचे जेसन स्कॉट यांनी मदतीची हाक दिली, आणि स्वयंसेवकांनी काही दिवसांत ती खोक्यांत भरून बाहेर काढली. स्कॅनिंगला पुढे वर्षं लागली. क्रम तोच आहे: आधी कागद वाचवायचा, स्कॅन मागाहून.

कॉपीराइटची काळजी तुम्ही केलीत ती योग्य आहे. आपला कायदा १९५७ चा. ज्यावर लेखकाचं नाव नाही अशा प्रकाशनाला प्रकाशनानंतर साठ वर्षं संरक्षण आहे. म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या निनावी शीट्स आता मोकळ्या झाल्या, सत्तर-ऐंशीच्या अजून नाहीत. कंपनी बंद पडली म्हणून हक्क आपोआप संपत नाही, तो कुणाकडे तरी गेलेला असतो. २०१२ मध्ये तोशिबानं एका ऑस्ट्रेलियन माणसाला त्याच्या साइटवरची लॅपटॉपची सर्व्हिस मॅन्युअलं काढायला लावली होती, तेव्हा असं घडत नाही असं समजू नका. मी काय करतो ते सांगतो. स्कॅन सगळंच करतो, कारण कागद कायद्याची वाट बघत नाही. जुनं लगेच चढवतो. नव्यातलं जे आहे ते जपून ठेवतो, आणि कुणी दुरुस्तीसाठी विचारलं तर लागणारं पान देतो. विकत मात्र काहीच नाही. जुन्या शीट्सच्या पीडीएफवर आपला वॉटरमार्क ठोकून पैसे घेणारे लोक आहेत. त्यांचा वॉटरमार्क नेमका आकड्यांवर पडलेला असतो. तसं करू नका.

स्कॅन झाल्यावर मूळ कागद टाकायचे नाहीत. लॅमिनेशन करायचं नाही, सेलोटेप लावायची नाही. टेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होतो आणि खालची शाई खातो. कोऱ्या कागदाच्या पाकिटांत आडवे ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केले तर ओल आत कोंडते आणि बुरशी धरते. ट्रंक जमिनीवर ठेवू नका आणि बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. दर पावसाळ्यानंतर उघडून हवा द्या, कसर लागली आहे का बघा, पण उन्हात वाळवायला पसरू नका.

ट्रंकेत निळ्या किंवा जांभळट रेघांच्या मोठ्या घड्या दिसल्या तर त्या अमोनिया प्रिंट आहेत, कारखान्यातल्या मूळ ड्रॉइंगवरून काढलेल्या. त्यांची रेघ उजेडानंच उडत जाते, आणि एकदा उडाली की कुठल्याही स्कॅनरला ती दिसत नाही. त्या असतील तर बाकीचे सगळे ढीग बाजूला ठेवून आधी त्याच घ्या, आणि हाताळताना खोलीतला पडदा ओढून ठेवा.